दिलं त्याहून स्वच्छ

माणसाला दाढदुखी सोसते, साहेबाचं बोलणं सोसतं, भर उन्हात बंद पडलेली मोटरसायकल ढकलत नेणंही सोसतं. साडूची स्तुती मात्र सोसत नाही. त्यातून ती आपल्याच बायकोच्या तोंडून, आपल्याच ताटासमोर, आपला घास तोंडात असताना झाली, तर तो घास धड गिळवत नाही आणि धड बाहेरही काढता येत नाही.

मापाऱ्याचं नेमकं तसं झालं. मापारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, वजनं ताडून बघायची, खोटं माप दिसलं की जप्त करायचं, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. त्यामुळे शेजारीपाजारी, नातेवाईक, आणि रागात असली की बायकोसुद्धा त्याला मापारीच म्हणायची.

"अहो, ऐका ना," बायको फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाली. "धाकटी आणि तिचे मिस्टर तळ्याकाठच्या त्या घरात राहून आले ना, त्या घरमालकिणीनं त्यांच्याबद्दल लिहिलंय. 'असे पाहुणे नशिबानं मिळतात. घर आम्ही दिलं त्याहून स्वच्छ परत मिळालं. यांना माझं दार केव्हाही उघडं आहे.'"

सुट्टीपुरती घरं भाड्यानं देतात, तिथे आता पाहुणे घराला गुण देतात तसे घरमालकही पाहुण्यांना देतात, आणि ते साऱ्या जगाला दिसतात. धाकटीनं, म्हणजे बायकोच्या बहिणीनं, ते उचलून सगळ्या नातलगांना पाठवलं होतं. बायकोनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी ती वाचत नव्हती, म्हणत होती. मग फोन ठेवून ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "किती छान ना. आपल्याबद्दल कधी कोणी असं लिहिलं नाही."

मापाऱ्याचं सारं लक्ष त्या 'आपल्या'वर अडकलं. कारण त्याचा साडू मोटारींच्या दुकानात गाड्या विकणारा, गोडबोल्या, आणि चहा जिथे पिईल तिथेच कप सोडून जाणारा प्राणी होता. चौदा वर्षांत मापाऱ्याच्या घरात त्यानं स्वतःचं ताट उचलल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आणि मापारी? तो केर काढला की केरसुणीही झटकून ठेवायचा! स्वच्छतेच्या बाबतीत साडू त्याच्या पासंगालाही पुरला नसता. तरी जगाच्या काट्यावर साडूचं पारडं जड, आणि बायकोच्या डोळ्यांत ते कौतुक. सव्वीस वर्षांत एवढा खोटा काटा त्यानं पाहिला नव्हता.

"आपण जाऊ या तिथे," तो म्हणाला.

"कुठे?"

"त्याच घरी. तीन रात्री."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. सात वर्षांत हे दोघं लग्नकार्याखेरीज गावाबाहेर पडले नव्हते. तिला वाटलं, आपल्या नवऱ्याच्या मनात कुठेतरी पाझर फुटला. "तळ्याभोवती पायवाट आहे म्हणे," ती म्हणाली. "धाकटीला नाही जमलं, आपण जाऊ फिरायला." मापारी "हो हो" म्हणाला. मनात मात्र तो झाडू बरोबर न्यावा की तिथला वापरावा याचा विचार करत होता.

बातमी जिन्यातून खाली उतरायच्या आत सल्ले वर चढू लागले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "भाड्यात सफाईचे वेगळे पैसे धरलेत ना? मग झाडूला हात लावायचा नाही. तुम्ही झाडलंत तर उद्या म्हणतील, पाहुणेच झाडतात, बाई कशाला हवी? एका बाईच्या पोटावर पाय येईल तुमचा." समोरच्या शिंपीणबाईंना हे अजिबात पटलं नाही. "अहो मास्तर, म्हणजे काय उष्टी भांडी तशीच टाकून यायचं? निदान अंथरूण उचलावं, भांडी विसळावीत, केर एका जागी गोळा करावा. आपण गेल्यावर ती बाई आपल्या आईचं नाव काढते, लक्षात ठेवा." वरच्या मजल्यावर एक जुने बसकंडक्टर राहत. ते म्हणाले, "मी सांगतो, मधला मार्ग. सगळं आवरायचं, पण एक कप तसाच ठेवायचा. लोकांना आपल्याबद्दल वाईट बोलायला थोडं काहीतरी लागतं. नाही ठेवलं तर ते शोधतात."

मापाऱ्यानं तिघांचं ऐकून घेतलं आणि मानलं कोणाचंच नाही. त्याला घर आवरायचं नव्हतं, साडूला हरवायचं होतं.

शुक्रवारी दुपारी ते पोचले. घर छोटं होतं, दोन खोल्या, ओसरी, समोर उतार आणि उताराखाली तळं. किल्ली दाराशेजारच्या पेटीत. घरमालकीण पलीकडच्या गावात राहायची. ती इस्पितळातली निवृत्त मेट्रन होती आणि हे स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेल्या तिच्या सूचनांवरूनच कळत होतं. एकोणीस कलमं होती. 'भांडी घासावीत. फार घासू नयेत.' 'चादरी काढाव्यात. घडी घालू नये, त्या धुवायच्याच असतात.' 'कचरा मंगळवारी बाहेर ठेवावा. सोमवारी ठेवू नये.' 'नळ घट्ट बंद करावा. पिळू नये.' आणि शेवटी, खाली रेघ मारून: 'घर जसं मिळालं तसं द्यावं.'

या एकोणिसाव्या कलमानं मापाऱ्याचा घात केला.

"थांब!" तो ओरडला. बायको पिशवी खाली ठेवायला वाकली होती, ती तशीच थांबली.

"काय झालं? विंचू?"

"कशाला हात लावू नकोस. दिलं त्याहून स्वच्छ द्यायचं तर दिलं किती स्वच्छ होतं, याची नोंद नको? मूळ माप नसेल तर तुलना कशाशी करणार?"

त्यानं पिशवीतून पोलादी पट्टी, भिंग आणि वही काढली. चमचे अकरा. खुर्च्या चार, पैकी एक डुगडुगती. कपाटाच्या माथ्यावर धूळ, बोटाचा ठसा उमटेल इतकी. न्हाणीघरात कोळिष्टक एक, रहिवासी कोळ्यासह. खिडक्यांच्या खाचांत मेलेल्या माश्या सात. सात आकडा लिहिताना त्याच्या जिवाला काय थंडावा मिळाला! म्हणजे साडूनं खिडक्यांच्या खाचा साफ केल्याच नव्हत्या. दिलं त्याहून स्वच्छ म्हणे!

दीड तास बायको पिशवी हातात घेऊन दारात उभी होती. मग ती पिशवी तिथेच ठेवून ओसरीच्या पायरीवर बसली आणि तळ्याकडे तोंड करून हलकेच गुणगुणू लागली. तिच्या आजीला सुचायच्या तशा ओव्या तिलाही उभ्या उभ्या सुचायच्या, पण त्या ऐकायला घरात कोणाला सवड नसायची.

शनिवारी सकाळी चहा झाल्याबरोबर मापाऱ्यानं कंबर कसली. खाचा झाल्या, कपाटाचा माथा झाला, कोळ्याला कागदावर घेऊन अदबीनं बाहेर पोचवण्यात आलं. मग त्याची नजर कढईवर गेली. लोखंडी, जाडजूड, आतून बाहेरून काळी कुळकुळीत. 'हीसुद्धा साडूला दिसली नाही,' असं म्हणत तो तिच्यावर तुटून पडला. काथ्या झाला, राख झाली, पोलादी घासणी झाली. तीन तासांनी कढई नव्या रुपयासारखी चकाकू लागली, तेव्हा बायको आत आली आणि कपाळाला हात लावून खालीच बसली.

"अहो, काय केलंत हे! लोखंडी कढई काळी व्हायला वर्षं लागतात. तो काळेपणा म्हणजे तिचा जीव असतो. आता त्यात काहीही टाका, चिकटणार."

"पण घाण दिसत होती."

"घाण नव्हती ती. मुरलेपण होतं."

मापाऱ्यानं कढई मागच्या फळीवर ठेवली आणि तिच्यापुढे मोठं पातेलं लावलं. मग मन रमवायला त्यानं पडदे काढून कढत पाण्यात घातले. पडदे वाळले तेव्हा चार बोटं आखूड झाले होते. त्यानं ते खाली ओढून पाहिले, ओले करून ताणून पाहिले, दांडीच खाली आणता येते का तेही पाहिलं. शेवटी वहीत नोंद केली: 'पडदे, मूळ लांबीत घट, चार बोटं.' खोटी नोंद करणं त्याच्या रक्तात नव्हतं. साडूच्या रक्तात असावं, असं त्याचं मत होतं.

आता राहिला कचरा. सोमवारी निघायचं आणि कचरा मंगळवारी बाहेर ठेवायचा, हे गणित सुटेना. म्हणून तो पिशवी घेऊन गावातल्या नगरपालिकेच्या कार्यालयात गेला. शनिवार असल्यानं एकच खिडकी उघडी होती. खिडकीमागे एक कारकून पेन्सिलीला टोक करत होता.

"हा कचरा आजच जमा करून घ्या," मापारी म्हणाला.

"रहिवासी आहात?"

"नाही, पाहुणा."

"मग कचरा पाहुण्याचा की घराचा?"

मापारी गोंधळला. "म्हणजे... साली, टरफलं आम्हीच केलीत. पण खिडकीतल्या माश्या आधीपासूनच्या आहेत."

"मिश्र मालकी," कारकून गंभीर झाला. "पाहुण्यांच्या कचऱ्याला घरमालकाची सही लागते. माश्यांसाठी वेगळा अर्ज."

"अहो, मी स्वतः सरकारी माणूस आहे!"

"मग तर तुम्हाला समजायलाच हवं," कारकून हसला. "सोमवारी या."

सव्वीस वर्षं हेच दोन शब्द मापारी लोकांना म्हणत आला होता. काउंटरच्या या बाजूनं ते इतके बोचतात, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तो पिशवी घेऊन परत आला. वाटेत तळं लागलं. त्याच्याकडे बघायला मात्र तो विसरला.

रविवारी सकाळी तो ओसरीच्या फरशा दात घासायच्या ब्रशानं घासत असताना मेट्रनचा फोन आला.

"उद्या सफाईवाली येणार नाही. पाय मुरगळलाय. बारा वाजता पुढचे पाहुणे. तुमचेच नातेवाईक, मिसेसची बहीण आणि तिचे यजमान. किल्ली त्यांच्या हातात द्या."

ब्रश मापाऱ्याच्या हातातून गळाला. "आणि मग... तुम्ही घर बघायला कधी येणार?"

"गुरुवारी. ते गेल्यावर."

"म्हणजे आम्ही सोडलेलं घर तुम्ही बघणारच नाही?"

"त्यांनी सोडलेलं बघेन. तेच शेवटचं ना?"

"मी फोटो पाठवू का? एकशे त्रेचाळीस काढलेत."

"पाठवू नयेत," मेट्रन म्हणाली आणि फोन बंद झाला.

मापारी पायरीवर बसला. असा पेच वैऱ्यावरही येऊ नये. घर लख्ख करून द्यावं, तर ते आयतं साडूच्या पदरात पडणार. तो तीन दिवस पाय पसरून बसणार आणि गुरुवारी मेट्रन खिडकीच्या खाचांवरून बोट फिरवून त्याचेच पोवाडे गाणार. बरं, घर तसंच सोडावं, तर बारा वाजता धाकटी नाक मुरडत आत शिरणार आणि सव्वाबारापर्यंत सगळ्या नातलगांना कळणार, की ताईच्या घरचे कसे राहतात. केलं तर साडूचं कल्याण, न केलं तर आपली बेअब्रू.

"तुला ठाऊक होतं ते येणार ते?" त्यानं बायकोला विचारलं.

"कालच कळलं. त्यांचं ठरत नव्हतं." तिनं तळ्याकडे बोट केलं. "अहो, आज शेवटचा दिवस. चला ना, तळ्याला फेरी मारून येऊ."

"आत्ता? बाथरूमच्या फरशांच्या फटी राहिल्यात!"

"मी तुमच्याबरोबर आले होते," बायको चपला पायात सरकवत म्हणाली, "तुमच्या झाडूबरोबर नाही."

ती एकटीच गेली. दोन तासांनी परत आली तेव्हा गाल वाऱ्यानं लाल झाले होते आणि चपला चिखलानं माखल्या होत्या. काहीतरी सांगायला ती तोंड उघडणार, तोच मापारी आडवा झाला. "तिथेच! तिथेच काढ!" तोवर तिची चार पावलं ओसरीवर उमटली होती. त्यानं ती तत्काळ पुसली. सांगायचं होतं ते तिच्या ओठांवरच वाळलं. संध्याकाळी ती मागच्या अंगणात बहिणीशी फोनवर बोलत बसली आणि तिथून हसण्याचे लोट येत राहिले. मापाऱ्याला वाटलं, साडूनं काहीतरी विनोद केला असणार. याच्या तोंडाला काय, विकायलाच बसलेलं. फोन ठेवून ती आत आली ती एक ओवी गुणगुणत:

"घासलं ग घर, जसा लख्ख आरसा,
एकटीचं तोंड पाहू, किती वेळ, राजसा?"

मापारी म्हणाला, "आरशाची आठवण बरी केलीस," आणि ओलं फडकं घेऊन आरशाकडे गेला.

सोमवारी सकाळी बायको तळं शेवटचं डोळ्यांत भरून घ्यायला गेली आणि मापारी उंबरठा घासत बसला. त्यानं अखेर ठरवलं होतं: घर असं लख्ख करायचं, की साडूला आत पाऊल टाकताना लाज वाटावी. दहा वाजले असतील. समोर सावली पडली. वर पाहतो तो साडू. दोन तास आधी, एकटा, आणि बूट हातात.

"या साडूभाऊ. पण थांबा, ओलं आहे."

"मग कुठून येऊ, दादा?"

"इथूनच. पाच मिनिटांनी."

पाच मिनिटं साडू मुकाट उभा राहिला. हेच नवल होतं, कारण एवढ्या वेळात तो एक गाडी विकतो. मग आत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि कुठेच बसला नाही.

"धाकटी कुठाय?" मापाऱ्यानं विचारलं.

"दोनच्या बसनं येतेय. आली तर." साडूनं बूट छातीशी धरले. "दादा, एक विचारू? तुम्ही इतकं का घासताय?"

मापाऱ्याच्या मनातलं सारं एकदम उतू गेलं. "का म्हणजे? तुम्ही घासलंत म्हणून! 'दिलं त्याहून स्वच्छ'! माझ्या घरात चौदा वर्षांत एक कप उचलला नाहीत तुम्ही, आणि इथे येऊन नशिबानं मिळणारे पाहुणे झालात? कसं केलंत, ते तरी सांगा!"

साडूचा चेहरा उतरला. "आम्ही काहीच नाही केलं."

"उगाच मोठेपणा नको."

"खरंच काही नाही केलं, दादा. येतानाच भांडण झालं आमचं. आल्यापासून ती पायरीवर बसून राहिली, मी गाडीत. चूल पेटली नाही, नळ सुटला नाही. झोपलो तेही, ती इथे बाकावर आणि मी गाडीतच. सकाळी पहिल्या बसनं ती निघून गेली, दुपारी मी. घर वापरलंच नाही, तर घाण कुठून होणार?"

मापाऱ्याच्या हातातलं फडकं टपटप गळत राहिलं.

"आणि त्या बाईंनी ते तसं लिहिलं," साडू पुढे म्हणाला. "त्या सहलीतलं लोकांना दाखवण्याजोगं तेवढंच होतं, म्हणून हिनं पाठवून दिलं सगळ्यांना. घरी आमच्याकडे सगळं नीट असतं हो. दोन महिन्यांत ती ओरडली नाही माझ्यावर. हसलीही नाही. काल मात्र ताईशी फोनवर बोलताना तासभर हसत होती."

"कशाला?"

"तुमच्यावर. कढई, माश्या, तो कारकून. ताई सांगत होती आणि हसत होती, आणि ही ऐकून हसत होती. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, जळलो मी तुमच्यावर. कोणाला तरी आपल्यावर तासभर हसावंसं वाटणं, हे काय कमी आहे? इथे परत येऊन बघू, असं मीच आधी म्हटलं होतं तिला. पण हे घर इतकं चकचकीत केलंयत तुम्ही, की मला बसायचीच भीती वाटतेय. ती आली तर ती पायरीवर आणि मी गाडीत, पुन्हा तेच."

मापारी उठला. साडूच्या हातातले बूट त्यानं घेतले आणि त्याच्या पायांपुढे ठेवले.

"घाला."

"आत? ओल्या फरशीवर?"

"घाला म्हणतो ना. आणि ऐका. या वेळी काही म्हणजे काही आवरायचं नाही. कांदे परता, तेल उडू द्या. कप जिथे प्याल तिथे ठेवा, तुम्हाला ते येतंच. ओले टॉवेल खुर्चीवर टाका. तळ्याला चक्कर मारा आणि तसेच आत या. झाडू मी माळ्यावर टाकतो."

"आणि मेट्रनबाई?"

"मेट्रनचं मी बघतो."

मेट्रनचं तो काय बघणार होता, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर हे बोलताना त्याच्या एका डोळ्यापुढे ती मुकी पायरी होती, आणि दुसऱ्या डोळ्यापुढे गुरुवारी खवळलेली मेट्रन साडूचे वाभाडे काढताना दिसत होती. त्या सल्ल्यात माया किती होती आणि मत्सर किती, हे तोलायला सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हाती कुठला काटा लागला नव्हता. त्यानं वहीतून एक चिठ्ठी फाडली, 'पडदे आखूड, कढई काळी होती ती पांढरी केली, जबाबदार: खाली सही करणार' असं लिहून, सही करून टेबलावर ठेवली, आणि बायको आल्यावर तिच्याबरोबर बस धरली. कचऱ्याची पिशवी मांडीवर होती. शेजारचा प्रवासी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "कसला वास येतोय हो?" मापारी ताठ बसून म्हणाला, "सरकारी काम आहे."

शुक्रवारी संध्याकाळी मेट्रनचं लिहिणं आलं. आधी मापाऱ्याबद्दल: 'गृहस्थ राहायला आले होते की तपासणीला, हे कळलं नाही. माझ्या सासूबाईंच्या कढईची साल काढली. पडद्यांखालून पाय दिसतात. प्रामाणिक आहेत. पुन्हा आल्यास स्वच्छता करू नये.'

बायको तोंडाला पदर लावून हसली. मापाऱ्यानं ते मुकाट गिळलं, कारण त्याला पुढचं हवं होतं. "त्यांच्याबद्दल? त्यांच्याबद्दल काय लिहिलंय?"

तिनं वाचलं. 'घराचा उकिरडा केला. ओट्यावर तेल, चादरीवर कॉफी, दोन कप फुटलेले, उशीतला कापूस बाहेर. तळ्यापासून पलंगापर्यंत चिखलाची पावलं, दोघांची, शेजारी शेजारी. वॉर्डात असा पसारा मी एकदाच पाहिला होता, हाताबाहेर गेलेला रोगी बरा होऊन घरी गेला त्या दिवशी. यांना घर पुन्हा देणार नाही. काळजी घ्यावी.'

मापारी जिंकला होता. जगाच्या काट्यावर साडूचं पारडं असं आपटलं होतं की आवाज यावा. त्यानं आनंदाची वाट पाहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. आनंद काही येईना. त्याच्या डोळ्यांपुढे ती चिखलाची पावलंच येत राहिली, दोघांची, शेजारी शेजारी. आणि आपण फडक्यानं पुसलेली ती चार, एकटीची. जन्मात त्याला पुष्कळ गोष्टींचा हेवा वाटला होता, साडूच्या मोटारीचा, साडूच्या केसांचा. पण चिखलाचा हेवा वाटायची ही पहिलीच वेळ.

"त्या तळ्याला फेरी मारायला किती वेळ लागतो गं?" त्यानं विचारलं.

"मोजून नाही सांगता येत."

"तरी?"

"बरोबर कोण आहे, त्यावर आहे ते."

मापारी उठला, टेबलाशी बसला आणि रजेचा छापील अर्ज काढला. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, दिवस तीन लिहिले. 'रजेचे कारण' या रकान्यापाशी लेखणी अडली. एरवी तो तिथे 'घरगुती' लिहून मोकळा व्हायचा. आज बराच वेळ तो छताकडे बघत राहिला, मग त्यानं खाली मान घालून, त्याच्या त्या सुबक कार्यालयीन अक्षरांत लिहिलं: 'वैयक्तिक अस्वच्छतेकरिता.'

बायको त्याच्या खांद्यावरून वाचत होती. आधी तिला काही कळलं नाही. मग कळलं, आणि ती अशी हसत सुटली की खुर्चीची पाठ धरून तिला उभं राहावं लागलं. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि सवयीनं फोन हातात घेतला, बहिणीला सांगायला. नंबर काढला. क्षणभर अर्जाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

आणि फोन तसाच पालथा ठेवून दिला. एवढं हसणं तिनं घरातच ठेवलं.